'सक्रिय वितरण जाळे' म्हणजे नेमकं काय, अन् गावात त्याला काय म्हणावं?

तूरवाला (दारव्हा):
मंडळी, ग्रामसभेत छपरावरच्या सोलरबद्दल एक पान वाचून दाखवायचं आहे. हाती आलेल्या मजकुरात 'ऍक्टिव्ह डिस्ट्रिब्युशन नेटवर्क'चं 'सक्रिय वितरण जाळे' केलंय आणि 'डिस्ट्रिब्युटेड जनरेशन'चं 'वितरित निर्मिती'. हे असंच वाचलं तर लोक म्हणतीन जाळं सक्रिय आहे तं मंग लाईन काऊन गेली. शब्द सुचवा, पण अर्थ बिघडवू नका.

वर्धेकर:
'वितरित' तर सरळ काढून टाका. एकाच वाक्यात 'वितरण' म्हणजे वाटप आणि 'वितरित' म्हणजे विखुरलेली, वाचणारा गोंधळतोच. सरकारी कागदात 'विकेंद्रित' चालतं, सौर कृषी वाहिनी योजनेतल्या उपकेंद्राजवळच्या प्रकल्पांना तो शब्द शोभतोही, पण २-३ किलोवॅटच्या छपराला 'स्थानिक निर्मिती' पुरे.

'सक्रिय' समजायला आधी निष्क्रिय जाळं काय ते बघा. वीज चंद्रपूर-कोराडीहून निघणार, मोठ्या लाईननं येऊन उपकेंद्रात ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) ११ केव्ही होणार, मग फीडर म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणारी लाईन, मग डीपी म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, मग घर. दिशा एकच, त्यामुळे डीपीच्या पुढं घरच्या मीटरशिवाय कोणी काही मोजायची गरजच नव्हती, एकदा बांधलं की सोडून दिलं. सक्रिय म्हणजे जागोजागी मोजायचं आणि त्यानुसार चोवीस तास काहीतरी कमीजास्त करत राहायचं.

जुना वायरमन:
वर्धेकर सर बरोबर सांगून राहिले पण एकदा बांधलं की सोडून दिलं म्हणजे काय ते मी सांगतो. बऱ्याच डीपीले टॅप असते, त्याच्यानं व्होल्टेज वरखाली करता येते, पण गावातल्या डीपीचा टॅप चालू लाईनवर फिरत नाही, लाईन मारूनच फिरवा लागते. शेवटच्या पोलवरच्या माणसाची तक्रार की संध्याकाळी बल्ब पिवळा जळते, म्हणून टॅप वर चढवून ठेवायचा अन् मंग वर्षानुवर्षं त्याच्याकडे कोनी पाहत नाही. आता त्याच शेवटच्या पोलवर एकानं ३ किलोवॅटचं सोलर लावलं. दुपारी १२ ले माणसं वावरात, गावात लोड काहीच नाही, त्याची वीज उलटी डीपीकडे चालली, तार बारीक अन् लांब, तं व्होल्टेज शेवटाकडून चढते. २३० व्होल्टचे २५३ च्या वर गेले की सोलरचं इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज लाईनीत घालणारी मशीन, आपोआप सुटते. ऐन उन्हात पॅनल रिकामं बसते अन् संध्याकाळी त्याच पोलवर बल्ब तसाच पिवळा.

आर्वीची:
काका, हे माझ्याच घरचं सांगितलंत! आमचं घर गल्लीच्या टोकाला आहे, दुपारी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागतो आणि 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' येतं, थोड्या वेळानं परत सुरू, परत बंद. डीपीजवळच्या घराचं सोलर त्याच वेळी मस्त चालू असतं. गल्लीत म्हणतात ताईंचं सोलर रुसलं. कंपनीचा माणूस येऊन पॅनल पुसून गेला.

तूरवाला:
'रुसलं' घेतला असता, पण मग लोकांना वाटेल मशीनच खराब आहे.

पोट्टा इलेक्ट्रिकल (अमरावती):
मशीन खराब नसते ना दादा, मशीन नियम पाळते. अजून एक शब्द टाका त्यात, 'आयलँडिंग', म्हणजे ग्रिडपासून तुटलेल्या तुकड्यात आपल्याच विजेवर चालू राहणं. लाईन गेली की सोलर पण बंद काऊन, हा प्रश्न ग्रामसभेत पहिला येईन लिहून घ्या. ग्रिड गेलं तर इन्व्हर्टरनं २ सेकंदात सुटलं पाहिजे असं आहे. मराठीत कोणी 'बेटीकरण' लिहितात, मले तं ते बेटीच्या योजनेसारखं वाटते.

वर्धेकर:
हाहा. पण गंमत अशी की मुंबईत हाच शब्द चांगल्या अर्थानं वापरतात. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहरानं स्वतःच्या निर्मितीवर वेगळं होऊन टिकावं, तेही आयलँडिंगच. १२ ऑक्टोबर २०२० ला ते जमलं नाही आणि मुंबई अंधारात गेली. म्हणजे तिकडे बेट झालं नाही म्हणून बोंब आणि आपल्याकडे बेट होऊ नये म्हणून नियम.

जुना वायरमन:
नियम आहे तो बरा आहे. डीपीचा डीओ (फ्यूज) काढून, लाईन मेली समजून पोरगं पोलवर चढते. अन् खालून एखादं छप्पर वीज टाकत राह्यलं तर डीपी उलटीही चालते, खाली ४०० अन् वर ११,००० व्होल्ट. बेटीकरण-फिटीकरण लिहू नका, 'लाईन मेली की सोलरनंही मरायचं' असं लिहा, सगळ्यायले समजते.

आर्वीची:
ते समजलं. पण माझा प्रश्न राहिलाच, सक्रिय जाळं असतं तर माझ्या लाल दिव्याचं काय झालं असतं?

पोट्टा इलेक्ट्रिकल:
ताई, धाडकन सुटायच्या ऐवजी इन्व्हर्टर हळूहळू कमी करत गेला असता, ३ किलोवॅटचे २ केले असते. हे नवीन इन्व्हर्टरमध्ये होते, सेटिंग चालू पाहिजे फक्त. याले इंग्रजीत 'कर्टेलमेंट' म्हणतात. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर २००९ पासून पवनचक्क्यांसोबत असंच करतात, मुख्य भूमीकडे जाणारी केबल भरली की सगळ्यात शेवटी जोडला गेला त्यानं आधी कमी करायचं. नवीन केबल टाकायचा खर्च टळला.

तूरवाला:
'कर्टेलमेंट'ला मजकुरात 'कपात' आहे. पण वीजकपात म्हणजे आपल्याकडे लोडशेडिंग, ते घेणारच नाही. 'आवरतं घेणे' कसं वाटते? दुपारी ज्याच्या त्याच्या सोलरनं थोडं आवरतं घ्यायचं.

वर्धेकर:
फार छान! आणि त्यात 'कोणी?' हा प्रश्न आपोआप येतो, तो 'कपात'मध्ये दडतो. आवरतं तर आत्ताही घेतलं जातंय, फक्त दर वेळी टोकाच्या घरानंच. आर्वीच्या ताईंचे युनिट बुडतात म्हणून डीपीजवळच्याचे निर्धास्त चालतात, आणि सबसिडी दोघांनाही तेवढीच, ३ किलोवॅटला ७८ हजार. ऑर्कनीचा नियम, शेवटी आला तो आधी, हाही गावात भांडण लावेल. ग्रामसभेत सांगायची गोष्ट हीच आहे, पाळीपाळीनं आवरता येतं, पण त्यासाठी जाळ्यात मोजणारं कोणीतरी हवं.

पोट्टा इलेक्ट्रिकल:
मंग जाळ्याले 'जागता फीडर' म्हणा ना. आपण रात्री पीक राखाले जागलीले जातो तसं, डुक्कर आलं नाही तरी जागंच राहायचं.

जुना वायरमन:
बढिया. फीडरले 'वाहिनी' नको, लोक वहिनी वाचतात.

आर्वीची:
पण मग दुपारची वीज पंपाला का देत नाही? तिकडे तर दिवसा वीज पाहिजेच आहे.

जुना वायरमन:
गावठाण फीडर वेगळा अन् पंपाचा वेगळा ना ताई. तुमची वीज डीपी चढून उपकेंद्रापर्यंत गेली तरच तिकडे वळन, अन् तुमची तं गल्लीच्या टोकावरच अडून राहिली. तुमच्या डीपीचा टॅप एकदा खाली उतरवून पाहा म्हणावं. अर्ज द्या अन् दुपारी १२ ते २ चं व्होल्टेज लिहून जोडा, नाहीतर तो माणूस पुन्हा पॅनल पुसून जाईन.

तूरवाला:
घेतलं. स्थानिक निर्मिती, जागता फीडर, आवरतं घेणे. 'रिऍक्टिव्ह पॉवर'ला मजकुरात 'प्रतिघाती शक्ती' आहे, ते वाक्यच गाळतो.