जावाएक्सचं जकार्ता का झालं?

प्रश्न:
नमस्कार, मी डिप्लोमाच्या मुलांना जावा शिकवते. काल प्रॅक्टिकलला एका मुलीने सीनियरच्या वहीतून सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा जावा प्रोग्राम) उतरवून काढलं, अक्षर न अक्षर बरोबर, पण लॅबमध्ये आता टॉमकॅट १० (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) आहे त्यामुळे इम्पोर्टच्या ओळीलाच लाल रेघ, जावाएक्स डॉट सर्व्हलेट हे पॅकेज (तयार कोडचा गठ्ठा) सापडतच नाही. जावाएक्सच्या जागी जकार्ता लिहिलं की लगेच चाललं. ती विचारते, मॅडम नाव का बदललं, काही नवीन आलंय का? मला नीट सांगता आलं नाही. कुणाला माहितीये का?

उत्तर १:
नवीन काही नाही मॅडम, नावाच्या मालकीवरून झालंय सगळं. २०१० ला ओरॅकलने जावा बनवणारी सन कंपनी घेतली, जावा हा ट्रेडमार्कही तिकडे गेला. २०१७ मध्ये त्यांनी जावा ईई (सर्व्हरवरच्या मोठ्या प्रोग्रामसाठीचा जावाचा भाग, सर्व्हलेट त्यातलंच) एक्लिप्स फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेला द्यायचं ठरवलं, कोड दिला पण नाव दिलं नाही, आणि जावाएक्सखाली पुढे बदल करायचे तर कुठल्या अटींवर, याची बोलणी २०१९ ला फिसकटली. मग काय, नावच बदला! जावा ईईचं जकार्ता ईई झालं, आणि २०२० ची जकार्ता ईई ९ ही अख्खी आवृत्ती मुख्यतः त्याच कामात गेली, मागोमाग स्प्रिंग, हायबरनेट अशा ती नावं वापरणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांना तेच करत बसावं लागलं. एवढी हुशार माणसं, आणि काम काय तर नावं बदलायचं. जीव तुटतो हो.

उत्तर २:
पटलं, पण हक्क सांगणं प्रत्येक वेळी वाईटच असं नाही. १९९७ ला सनने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं ते त्यांच्या जावात फक्त विंडोजवर चालणाऱ्या गोष्टी येत होत्या म्हणून. तेव्हा सन गप्प बसली असती तर जावाचे दोन तुकडे झाले असते असं माझं मत. अँड्रॉइडची केस मात्र मला अजिबात पटली नाही, गूगलने अँड्रॉइडमध्ये घेतलेल्या जावाच्या साधारण ११,५०० ओळींसाठी ओरॅकल आणि गूगल २०१० पासून भांडत होते, निकाल लागला एप्रिल २०२१ ला, गूगलच्या बाजूने.

प्रश्नकर्ती:
खूप आभार! उद्या वर्गात हेच सांगते, आणि जुन्या नोट्समध्ये सगळीकडे जावाएक्स खोडून जकार्ता करून टाकते.

उत्तर १:
थांबा मॅडम, सरसकट नका करू! जावाएक्स डॉट एसक्यूएल, जावाएक्स डॉट स्विंग ही जेडीकेमधलीच (जावाच्या मूळ संचातलीच) आहेत, ती तशीच राहतात. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन अशी जावा ईईमधली तेवढी बदला, नाहीतर डेटाबेसचं प्रॅक्टिकल अडकेल.