फ्लाइट सिममधी (कंप्युटरवर विमान उडवायचा खेळ) नवीन माणसानं व्हर्च्युअल इकॉनॉमी लगेच चालू करावी का? माझं मत, करावी, पण त्यात विमान घ्यायला खेळातलं कर्ज काढू नये

सांबरा_रनवे:
मंडळी, परवा दोघातिघांनी विचारलं की फ्लाइट सिम घेतलंय, बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं उडालोय, गावावरनं चार चकरा मारल्या, आपलं घर पण वरनं शोधून झालं, आता पुढं काय. ह्याच टप्प्यावर माझ्या वळखीची निम्मी पोरं सिम बंद करून बसलीत. म्हणून सांगतो, पहिल्याच महिन्यात इकॉनॉमी चालू करा. ज्यांना म्हाईत नाही त्यांच्यासाठी, सिमला जोडून एक हिशोबाचा प्रोग्राम असतोय, तो काम देतोय, इथनं दोन पॅसेंजर तिथं न्या, एवढा माल तिकडं पोचवा, तुम्ही खरोखर उडवून नेऊन उतरवलं की खात्यात त्या खेळातले पैसे जमा, त्यातनं विमानाचं भाडं, फ्यूल, मेंटेनन्स वजा. असल्या प्रोग्रामात एफएसइकॉनॉमी फुकट आहे आणि एक्स-प्लेन, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ह्या दोन्ही सिमवर चालतंय, ऑनएअरला वर्गणी हाय, आणि मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या सिममधी असलाच करिअर मोड आतच दिलाय.

सुरुवात भाड्याच्या सेसना १७२ नं करा, लहान पल्ला घ्या, हुबळी इथनं ४० नॉटिकल मैल, कोल्हापूर आणि गोव्याचं दाबोळी पन्नासच्या जरा वर. आणि टाकी फुल करू नका! सगळे नवीन लोक हीच चूक करालेत. १७२ मधी वापरायला ५३ गॅलन बसतंय, गॅलनला ६ पौंड वजन धरा, म्हणजे ३१८ पौंड नुसतं फ्यूलच झालं, मग चार सीटच्या विमानात पायलट धरून तीनच माणसं बसतात. हुबळीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तासाला ८ ते १० गॅलन जळतंय, रिझर्व्ह धरून १५-१८ गॅलन बास झालं. मग तिसरा पॅसेंजर घेता येतोय, आणि नफा त्या तिसऱ्यातच असतोय. हे गणित मला कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नाही, खात्यात पैसे उरेनात तवा मी कागद घेऊन बसलो.

घाटावरचा_ढग:
अण्णा, मला हे अजिबात पटत नाही. मी इकॉनॉमी सहा महिने केली आणि त्या सहा महिन्यात माझं लँडिंग जरा पण सुधारलं नाही. कारण काय, काम घेतलं की डोळा फक्त पोचण्यावर, टेकऑफ झाला की ऑटोपायलट, उतरलं की पुढचं काम. स्टॉलची (वेग कमी पडून पंखाची उचल जाणं) प्रॅक्टिस कोण करणार, त्याला पैसे मिळत नाहीत. क्रॉसविंडमधी, म्हणजे आडव्या वाऱ्यात, दहा वेळा टच अँड गो (चाकं टेकवून लगेच परत उडणं) कोण करणार, त्याला तर भाडं पदरचं जातंय. आणि वाईट म्हणजे लाइव्ह वेदर (त्या वेळची खरी हवा) लावून जुलैत आंबोली-चोर्ल्याच्या बाजूला ढग जमिनीला टेकलेले असताना मी खाली खाली जात राहिलो, का तर चार पॅसेंजरचं काम बुडंल म्हणून. डोंगरात घुसलो. खऱ्या विमानात माणसं ह्याच घाईनं मरतात, तीच सवय आपण घरात बसून लावून घ्यायची का? पहिले ५० तास पैसा नको. गोकाकचा धबधबा बघा, घटप्रभेच्या कडंनं हिडकल डॅमपर्यंत नकाशा बघत जावा, वाट चुका, परत या.

निपाणीकर:
ढगभाऊ, सवय इकॉनॉमीनं लागत नाही, माणसाच्या घाईनं लागती. डोंगरात घुसला तवा कामाचे पैसे मिळाले का? नाही नव्हं. मग परत फिरून सांबऱ्याला उतरणं हाच शहाणपणाचा हिशोब होता, आणि तो धडा तुम्हाला त्या बुडालेल्या कामानंच दिला की.

आमच्या वडलांचा टेम्पो होता, निपाणी-कोल्हापूर-पुणे. ते म्हणायचे जाताना भाडं कोण पण देतंय, येताना गाडी रिकामी आली की डिझेल आपल्या खिशातलं. एफएसइकॉनॉमीत हुबेहूब हेच. भाड्याच्या विमानाला स्वतःचं घर असतंय, घरापास्नं लांब नेलं की जादा पैसे कापतात, घराकडं परत आणलं की बोनस देतात. मी पहिल्यांदा घराबाहेर अडकलेली विमानं शोधायचो आणि त्यांच्याच वाटंवरचं काम घ्यायचो.

पण अण्णा, तुमच्या कर्जाच्या मुद्द्याला माझा विरोध हाय. वडलांनी कर्ज काढून टेम्पो घेतला म्हणून ते मालक झाले, न्हायतर जन्मभर दुसऱ्याची गाडी चालवली असती. भाड्यावर किती दिवस उडणार?

शहापूर_अक्का:
निपाणीकर दादा, तुमचे वडील रोज गाडी चालवत होते. सिमवाला आठवड्यातनं दोनदा, रात्री पोरं झोपल्यावर उडवतोय. मी मागवाल्यांचे हिशोब लिहिते, पॉवरलूम कर्जावर घेतला आणि सूत आलं नाही म्हणून माग आठ दिवस उभा राहिला तर व्याज काय थांबत नाही, हे मी वहीत डोळ्यांनी बघितलंय. विमानाचं पण तेच. घेतलं की दर १०० तासांच्या तपासणीचा खर्च तुमच्या अंगावर, पार्किंगला उभं असलं तरी हप्ता चालूच. आधी महिनाभर वही ठेवा, आपण खरंच किती तास उडवतोय ते लिहा, मग कर्जाचं बोला. किंगफिशर २०१२ ला आणि जेट २०१९ ला बंद पडली तवा डोक्यावर कर्ज केवढं होतं आठवतंय नव्हं.

आणि नवीन माणसाला मी २०२४ चा करिअर मोडच सांगीन. तिथं आधी ट्रेनिंग आणि लायसनची परीक्षा, ती पास झाल्याबिगर पैशाचं काम नाही, आणि विमान पण सुरुवातीला दुसऱ्याचं. ढगभाऊंची निम्मी तक्रार तिथंच मिटती.

खानापूर_जंगलवाला:
अक्का तुमचं शहरात ठीक हाय, २०२४ चं सीनरी उडताना नेटवरनं येतंय, आमच्याकडं पावसाळ्यात नेट जातंय आणि खाली नुसता चिखलासारखा रंग दिसतोय. मी एक्स-प्लेन आणि एफएसइकॉनॉमीच वापरतो. पण एक लक्षात ठेवा, मधीच लाइट गेली की ते उड्डाण गेलं, परत पहिल्या विमानतळावरनंच सुरू. दोन तासाचं काम गोव्याच्या पुढं जाऊन असंच गेलं माझं, घरात अंधारात बसून रडायला आलतं खरंच. तवापास्नं इन्व्हर्टर असल्याबिगर तासाच्या वरचं काम घेत नाही.

सांबरा_रनवे:
जंगलवाले, हे मी वर लिवायलाच पायजे होतं, आपल्या भागात लहान पल्ला घ्यायचं हे पण एक कारण हाय. अक्कांचा वहीचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. निपाणीकर, विमान जरूर घ्या, पण साठवलेल्या पैशातनं, जुनं १७२, तवा हप्त्याच्या भीतीनं खराब हवेत जायला लागणार नाही. ढगभाऊ, तुमच्या ५० तासांवर मात्र मी येत नाही, ५० तास बिनकामाचं उडवणारा मला तरी अजून भेटला नाही, आणि जो सिमच सोडून गेला तो क्रॉसविंड कधी शिकणार?

घाटावरचा_ढग:
भेटला नाही म्हणता, मी हाय की. इकॉनॉमी सोडल्यावर मी ५० न्हवं ७० तास असेच उडवलेत आणि आज १२ नॉटच्या आडव्या वाऱ्यात १७२ रनवेच्या मधल्या रेषेवर ठेवतो. माझं मत तेच. उद्या रात्री ९ ला सांबरा ते हुबळी, लाइव्ह वेदर, अण्णा तुम्ही तुमचे तीन पॅसेंजर घेऊन या, मी रिकामा येतो, ऑटोपायलट दोघांनी पण बंद ठेवायचा.

सांबरा_रनवे:
आलो. १८ गॅलन भरून ठेवतो.