एमजीबी १९६९ : घाट चढून झाल्यावर करंट जातो, कुठून शोधायला सुरुवात करू?

सहकारनगर_रोडस्टर
नमस्कार मंडळी, घरी १९६९ ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, डेल्को (डिस्ट्रिब्युटर, प्लगना ठिणगी वाटणारा) लुकासचा २५डी४ पॉइंटवाला (आत उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे संपर्क असलेला), निगेटिव्ह अर्थ (बॅटरीची मायनस बाजू बॉडीला). सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते, कोंढव्यातून निघून बोपदेव घाट मस्त चढते, मिसिंग अजिबात नाही, आणि वर पोचून सपाट रस्त्याला ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका केला की दोन गचके देते आणि बंद. कधी लगेच सुरू होते, कधी सासवड रस्त्याच्या कडेला अर्धा तास बसवून ठेवते. कॉइल नवी झाली, प्लग नवे, कंडेन्सर, रोटर, कॅप सगळं बदललं, काडीचा फरक नाही. आता मेकॅनिक म्हणतोय अख्खं वायरिंग काढून नवीन टाकू. मला ते नकोय, लूम (वायरींचा जुडगा) बरंचसं मूळ अबिंग्डनच्या कारखान्यातलं आहे आणि एकदा फाडलं की गेलं. आईला नारायणपूरला याच गाडीतून जायला आवडतं पण भरवसाच राहिला नाही त्यामुळे नेत नाही. प्लीज सांगा कुठून सुरुवात करू.

एसयू_प्रेमी
आधी पेट्रोल बघा. एवढं ऊन, घाट चढून तापलेलं इंजिन, व्हेपर लॉकसारखंच (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो तसं) वाटतंय. पंप मागच्या बाजूला असतो, गाडी बंद पडली की इग्निशन ऑन करून नुसता कान द्या. चार-पाच वेळा टकटक करून थांबला तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाट्या) भरलेले आहेत, टकटक थांबतच नसेल तर पेट्रोल पोचत नाहीये किंवा कुठूनतरी हवा ओढतोय.

नानापेठ_पार्ट्स
पंपाचं बरोबर आहे, ती तपासणी फुकटात होते. पण त्याच्याही आधी मला एक सांगा, गाडी मरते त्या क्षणाला टॅकोमीटरचा काटा काय करतो? तुमच्या मॉडेलचा स्मिथचा टॅको कॉइलला जाणाऱ्या पांढऱ्या वायरमधल्या करंटचे झटके मोजून आरपीएम दाखवतो. म्हणजे गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत आणि तरी काटा धाडकन शून्यावर आला तर कॉइलमधून करंट जायचाच थांबला, म्हणजे दोष इग्निशन स्विच, पांढरी वायर, खुद्द टॅको, कॉइल, पॉइंट किंवा डेल्कोतलं अर्थिंग यांच्यात. काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरला तर लो टेन्शन (१२ व्होल्टची) बाजू चांगली आहे, मग पेट्रोल बघा नाहीतर रोटर, कॅप, एचटी (ठिणगी नेणाऱ्या) वायर. ही एक गोष्ट बघितली की निम्मे संशयित बाद होतात, एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही. मी स्वतः पार्ट विकतो तरी सांगतो, अंदाजाने पार्ट बदलत बसू नका.

आणि नवी टाकलेली कॉइल मीटरने मोजाच. तुमच्या गाडीला बॅलास्ट (कॉइलच्या आधीचा रेझिस्टर) नाही, कॉइलची प्रायमरी गुंडाळी ३ ओहमच्या आसपास पाहिजे. बॅलास्टवाल्या गाड्यांची दीड ओहमची कॉइल दिसायला सेम असते, ती थेट १२ व्होल्टवर लावली की ४ च्या जागी ८ अँपिअर ओढते, कॉइल भाजते आणि पॉइंट जळतात.

सहकारनगर_रोडस्टर
काल परत तिकडेच जाऊन आलो. काटा एकदम शून्य!! गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पळत होती, इंजिन फिरत होतं आणि काटा खाली पडलेला. पंप चार वेळा टकटक करून गप्प बसला. कॉइल मोजली, ३.१ ओहम. यावेळी लगेच सुरू झाली त्यामुळे मीटर लावायला वेळच मिळाला नाही.

एसयू_प्रेमी
मग पेट्रोल नाही. मी बाजूला होतो, वाचत राहतो.

कर्वेनगर_गिअर
एवढा त्रास कशाला, पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा की. माझ्या हेराल्ड गाडीला बसवलंय, तेव्हापासून डेल्कोची कॅप उघडावी लागली नाही.

नानापेठ_पार्ट्स
मॉड्यूलला माझा विरोध नाही, पण दोष सापडायच्या आधी नको. पॉइंटच्या जागी बसणारी बरीच मॉड्यूल आपलं अर्थिंग त्याच पॉइंटच्या प्लेटमधून घेतात, आणि मला नेमका तिथलाच संशय आहे. म्हणजे पैसे जातील आणि गाडी त्याच वळणावर परत मरेल.

संशय का ते सांगतो. कॉइल किंवा कंडेन्सर तापून गेला असता तर गाडी निवल्याशिवाय सुरू झाली नसती. तुमची कधी लगेच होते, कधी नाही, हे उष्णतेचं लक्षण नाही, लूज कनेक्शनचं आहे. दुसरं म्हणजे घाटात थ्रॉटल पूर्ण उघडा असतो तेव्हा व्हॅक्यूम (इंजिनाची हवेची ओढ) नसतो, वर येऊन पाय हलका केला की त्या ओढीवर चालणारी, ठिणगीची वेळ पुढे घेणारी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची डबी पॉइंटची प्लेट ओढून फिरवते. म्हणजे प्लेट हलली की करंट जातो. त्या प्लेटपासून डेल्कोच्या बॉडीला एक बोटभर लांबीची अर्थिंगची वायर असते, मूळची कापडी वेष्टणाची. ती प्रत्येक वेळी प्लेटबरोबर वाकते, इतक्या वर्षांत आतल्या तारा तुटतात आणि वरून वेष्टण अगदी धडधाकट दिसतं! मग अर्थिंग नुसतं प्लेट घासते तिथून मिळतं, लागलं तर लागलं. तशीच दुसरी वायर लो टेन्शन टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाते, तीही वाकते.

घरीच बघता येईल. इग्निशन बंद, कॅप आणि रोटर काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पॉइंटच्या प्लेटवर. दिवा लागला पाहिजे. आता कार्बोरेटरकडून व्हॅक्यूमचा पाइप सोडवा आणि तोंडाने ओढा, प्लेट फिरताना डोळ्यांना दिसेल. दिवा विझला किंवा फडफडला तर अर्थिंगची वायर गेली. दिवा स्थिर राहिला तर दुसरी वायर बघायची, त्यासाठी पॉइंट मिटलेले असताना, साधारण मधोमध, इंजिन थांबवा नाहीतर प्लेट फिरल्यावर पॉइंटच उघडतील आणि फसाल. मग इग्निशन ऑन करून कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलवर मीटर लावा, पॉइंट मिटलेले असताना तिथे जवळपास शून्य व्होल्ट पाहिजे, पाइप ओढल्यावर १२ वर उडी मारली तर ती वायर. इग्निशन ऑन ठेवून फार वेळ घालवू नका, पॉइंट मिटलेले असले की कॉइल तापत राहते.

कर्वेनगर_गिअर
हे पाइप ओढायचं मला माहीत नव्हतं, मीही आज करून बघतो.

सहकारनगर_रोडस्टर
सापडलं!!! पाइप ओढला की दिवा विझतो, सोडला की लागतो, दहा वेळा केलं दहाही वेळा तेच. अर्थिंगची वायर बाहेर काढली, वेष्टण अख्खं, पण दोन्ही टोकं धरून ओढली तर रबरासारखी ताणली जाते, आत तार सलग नाहीच. दादा तुमचे किती आभार मानू कळत नाही, लूम वाचलं. आता नवीन वायर कुठली टाकू? मेकॅनिककडे घरगुती फिटिंगची एक आहे, ती डाग देऊन लावतो म्हणतोय.

नानापेठ_पार्ट्स
घरगुती वायर अजिबात नको, तिच्या तारा जाड असतात, थोड्याच दिवसांत परत तुटेल. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सिलिकॉनच्या वेष्टणाची, केसासारख्या बारीक तारांची वायर मागा, मऊ असते आणि उष्णता सोसते. डागही देऊ नका, डाग तारांमध्ये भिनून वायर कडक होते आणि कडक भाग जिथे संपतो तिथेच मोडते, त्यापेक्षा दोन्ही टोकांना थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपणं) दाबून बसवा. लांबी अशी ठेवा की प्लेट पूर्ण फिरली तरी ताण येणार नाही, पण सैल लूप रोटर किंवा कॅमला लागता कामा नये, कॅप बसवायच्या आधी हाताने प्लेट फिरवून खात्री करा. लो टेन्शनची छोटी वायरही आत्ताच बदला, दोघी एकाच वयाच्या आहेत. पॉइंटची गॅप परत ०.०१५ इंच लावून टायमिंग तपासा, प्लेट काढली असेल तर ते हललेलं असणार.

मेकॅनिकचा हात बसत नसेल तर अँबॅसडरवर काम केलेला जुना मिस्त्री शोधा. तिचं १४८९ सीसीचं इंजिन याच बीएमसी बी-सिरीजचं, पुण्यात अशी माणसं अजून आहेत आणि असा डेल्को त्यांना नवा नाही.

सहकारनगर_रोडस्टर
उद्याच तापकीर गल्ली. दोन्ही वायरी बदलतो आणि लो टेन्शनवाली जुनी कापून आत काय निघतं त्याचा फोटो टाकतो.