परतफेडीच्या हिशोबात इन्व्हर्टर आणि बॅटरीही धरा
या चर्चेत आधी कुणीतरी 'एकूण खर्च भागिले वर्षाची बिलातली बचत' असा सरळ हिशोब मांडून घरच्या सौर यंत्रणेचा खर्च कधी फिटेल ते काढलंय. सुरुवातीला ठीक आहे, पण त्यात पुढचे खर्च येतच नाहीत. पॅनेलची क्षमता वर्षाला साधारण अर्धा टक्का घटते, म्हणजे 25 वर्षांनंतरही ती 80 टक्क्यांच्या वर राहू शकते. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, मात्र बहुधा 10 ते 15 वर्षांत बदलावा लागतो. ते पैसे आजच हिशोबात घ्यायला हवेत.

बॅटरीबाबत तर मी फारच सावध राहीन. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षा महाग असते, पण चार्जिंगच्या कितीतरी जास्त फेऱ्या झेलते. म्हणून नुसती किंमत न बघता आयुष्यभरात साठवलेल्या प्रत्येक युनिटमागे किती खर्च पडतो ते काढा. जादा वीज ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) आपण ज्या दराने घेतो जवळजवळ त्याच दराने देता येत असेल, तर बॅटरीने बिल फारसं कमी होत नाही. वीज वारंवार जात असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ती जरूर घ्यावी.

कर्जाचं व्याजही धरा. आणि पॅनेल किती ते ठरवण्याआधी पाणी तापवायला आणि एसीला किती युनिट जातात ते बघाच, तो वापर घटला तर लहान यंत्रणेत भागतं.