मदत हवी आहे: लवादाच्या निवाड्याविरुद्ध कंपनी हायकोर्टात गेली आहे

मंडळी, आमच्या युनियनचं एक प्रकरण अडकलंय. वकील दिलेत, पण ते "तारखेला बघू" म्हणून फोन ठेवतात, म्हणून इथे विचारतोय.

एका मशीन ऑपरेटरला सुपरवायझरच्या अंगावर धावून गेल्याच्या आरोपावरून बडतर्फ केलं. लेबर कोर्टात वर्षं जातील म्हणून युनियन आणि कंपनीने लेखी करार करून औद्योगिक विवाद कायदा, १९४७च्या कलम १०ए खाली लवाद नेमला. (कल्पना माझीच. आता सगळे मलाच बोलतात.) नवी औद्योगिक संबंध संहिता या कायद्याच्या जागी यायच्या आधीचंच आहे सगळं. लवादाने शिवीगाळ झाली हे धरलं, धावून जाणं सिद्ध होत नाही म्हणाले. कामावर परत घ्या, मागचा निम्मा पगार द्या, असा निवाडा झाला. कंपनीने हायकोर्टात रिट याचिका टाकून निवाड्यावर स्टे मागितलाय. म्हणणं असं की साक्षी चुकीच्या वाचल्या, आणि शिक्षा कमी करायचा अधिकार कलम ११ए ने लेबर कोर्ट-ट्रिब्यूनलला दिलाय, लवादाला नाही.

हायकोर्ट सगळा पुरावा पुन्हा तपासणार का? दोघांनी मिळून नेमलेल्याचा निर्णय असा उलटतो का? आणि तोवर त्या माणसाने घर कसं चालवायचं?

प्रतिसाद १
१०ए च्या लवादावर रिट चालते, हे रोहतास इंडस्ट्रीजच्या निकालापासून (१९७६) पक्कं आहे. "आपणच नेमला होता" एवढ्यावर याचिका उडणार नाही, त्या भरवशावर राहू नका. पण रिट म्हणजे अपील नव्हे. पुरावा पुरेसा होता का, हे हायकोर्ट तोलत बसत नाही. निष्कर्षाला काहीच पुरावा नसेल, महत्त्वाचा पुरावा वगळला असेल किंवा कायद्याची चूक निवाड्यावरच दिसत असेल, तर मात्र हात घालतं. कंपनीच्या ११ए च्या मुद्द्याची काळजी सोडा. गुजरात स्टील ट्यूब्सच्या खटल्यात (निकाल १९७९चा, निकालांच्या छापील रिपोर्टात १९८० खाली सापडेल) नेमका हाच वाद होता आणि ११ए चा अधिकार लवादालाही आहे असं सुप्रीम कोर्टाने बहुमताने म्हटलं. वकिलांच्या टेबलावर प्रिंट ठेवून या.

प्रतिसाद २
पगारासाठी कलम १७बी बघा. रिट चालू असेपर्यंत शेवटचा घेतलेला पूर्ण पगार मिळतो, कामगाराने बेकार असल्याचं शपथपत्र द्यायचं. मात्र एक खोच आहे. त्या कलमात लेबर कोर्ट, ट्रिब्यूनल, नॅशनल ट्रिब्यूनल एवढंच लिहिलंय, लवाद हा शब्दच नाही. कंपनी त्यावर बोट ठेवणारच. तुम्ही गुजरात स्टीलचाच आधार घ्या: ११ए मधल्या 'ट्रिब्यूनल'मध्ये लवाद बसतो, तर इथे का नाही? सोबत पर्यायी मागणी ठेवा, की स्टे द्यायचाच तर दरमहा पगाराच्या अटीवर द्या.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ही खोच आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आणखी एक: तो अधूनमधून मेव्हण्याच्या टेम्पोवर जातो. शपथपत्रात लिहायचं का?

प्रतिसाद २
लिहाच. पुरेसा मोबदला मिळत असल्याची कोर्टाची खात्री पटली तरच १७बी चा पगार थांबतो, चार खेपांनी नाही. पण लपवलेलं कंपनीने फोटोसकट पुढे आणलं तर बाकीच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. कोणत्या महिन्यात किती खेपा, किती पैसे, तसंच मांडा.