सामगानात ऋचेचे शब्द का मोडतात?

प्रश्न: सामवेदाच्या कौथुम शाखेचं सामगान, म्हणजे ऋचांचं गायन, ऐकतोय. 'अग्न आ याहि वीतये' ही ऋचा मला पाठ आहे, पण गाताना ती 'ओग्नाइ, आयाहि वोइतोयाइ' होते. इतर सामांत मध्येच 'औहोवा' येतं. असं का?

प्रतिसाद: 'औहोवा' हा स्तोभ, म्हणजे गाण्यासाठी घातलेली अर्थ नसलेली अक्षरं. ऋचा नुसता आधार. साम म्हणजे ते गान. स्वर वळवायला अक्षरं ताणतात, स्तोभ घालतात. मला तर सामाचा जीव त्यातच वाटतो!

प्रतिसाद: सोमयागात, म्हणजे सोमरसाच्या यज्ञात, तीन ऋत्विज सामाचे पाच भाग वाटून गातात. प्रस्तोत्याचा प्रस्ताव, उद्गात्याचा उद्गीथ, प्रतिहर्त्याचा प्रतिहार, पुन्हा उद्गात्याचा उपद्रव. निधन, म्हणजे शेवटचा भाग, तिघांचं मिळून. एकट्याच्या ध्वनिमुद्रणात हे कुठून कळणार?

प्रश्नकर्ता: आणि स्वरक्रम उतरता आहे ना?

प्रतिसाद: हो. नारदीय शिक्षा या स्वरांवरच्या जुन्या ग्रंथात सामाचा 'प्रथम' स्वर म्हणजे वेणूचा, बासरीचा मध्यम (म); तिथून खाली उतरायचं. गाणाऱ्याचा अंगठा बोटांवर कुठे टेकतो ते बघा, तीच गात्रवीणा, हातावर स्वर दाखवायची पद्धत.