मदत हवी आहे: वेलिगामा, मिरिस्सा की हिरिकेटिया?

नमस्कार मंडळी, जानेवारीत मी, बायको आणि आई कोल्हापुरातनं 8 दिवस श्रीलंकेला चाललोय. मला सर्फिंग शिकायचंय, पंचगंगेत पोहत मोठा झालोय त्यामुळं पाण्याची भीती नाही पण बोर्डवर कधी उभारलेलो नाही. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेचा सर्फिंग सीझन मे ते सप्टेंबरचा, म्हणजे आता दक्षिण किनाराच, एवढं नक्की झालंय.

पण मुक्काम कुठं टाकायचा? वेलिगामाला खाली वाळू आहे, लाटा बारक्या, नवख्याला शिकायला तेच बरं, फक्त मेन रोड बीचला अगदी चिकटून जातो आणि आईला गाड्यांच्या आवाजात झोप लागत नाही. मिरिस्सा तिथनं जवळच, देवमासे बघायच्या बोटी तिथनंच सुटतात आणि ते आईला काहीही करून बघायचंयच. बायकोचा जीव मात्र हिरिकेटियात अडकलाय, घोड्याच्या नालेसारखी छोटीशी खाडी, फोटोत लईच भारी दिसते.

मला वाटतं मिरिस्सात राहून रोज सकाळी रिक्षानं वेलिगामाला जावं, जमेल का? आईचे गुडघे दुखतात, जिने-चढ नकोत, आणि तिचे सोमवार-गुरुवार शाकाहारी असतात. कुणी जाऊन आलं असंल तर प्लीज सांगा, या आठवड्यात बुकिंग करायचंय.